शेवळं, जांभळं आणि सुके बोंबील : बदलत्या हवेचा हिशेब

मैत्रिणींनो, मागच्या वर्षी शेवळांची भाजी तुम्ही कोणत्या तारखेला केली, आठवतं का? दुधाचे खाडे आपल्या लक्षात असतात, गॅसचं सिलिंडर कधी लावलं तेही कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. पण शेवळांची तारीख कोण कशाला टिपून ठेवेल, असं तुम्ही म्हणाल. ती टिपून ठेवायची वेळ आली आहे. का, तेच आज सांगायचं आहे.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या पट्ट्याला ताटातलं एक वेगळंच पंचांग मिळालेलं आहे. वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी बायका पाटीत शेवळं घेऊन स्टेशनबाहेर बसतात. सोबत काकडंही असतात, म्हणजे घशाला खाज सुटायला नको. त्याच सुमारास बदलापूरची जांभळं येतात. याच जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. मग पाऊस लागला की चिंबोऱ्या, वलगणीचे मासे, टाकळा, कुर्डू, भारंगी. आणि पावसाळ्यात ताजी मासळी मिळेनाशी झाली, की डब्यातले सुके बोंबील बाहेर निघतात. आपल्या सासूबाईंना हे सगळं तोंडपाठ असायचं. मृगाच्या आधी काय, आर्द्रात काय, श्रावणात काय.

आता हेच पंचांग ढिलं व्हायला लागलं आहे. दोनच वर्षांचं उदाहरण घ्या. २०२३ साली मुंबईत मोसमी पाऊस पोचला तो २५ जूनला. २०२५ साली तो आला २६ मे रोजी. गेल्या पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो मुंबईत आला नव्हता, असं हवामान खात्याने सांगितलं. ठरलेली तारीख आहे ११ जून. म्हणजे दोन वर्षांत एक महिन्याचा फरक! तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईने एकदा सकाळी सहाला आणि एकदा दुपारी बाराला यावं, तर तुमच्या घराचं काय होईल? रानातल्या आणि पाण्यातल्या जिवांचं तेच होतं आहे.

दीड अंशाने एवढं काय बिघडतं?

हा प्रश्न पुष्कळ जणी विचारतात. "उन्हाळ्यात आमच्याकडे चाळीसच्या वर पारा जातो, त्यात दीड अंशाचं काय कौतुक?"

कौतुक आहे. २०२४ हे वर्ष, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. कारखाने आणि कोळसा-तेलाचं युग सुरू होण्यापूर्वी पृथ्वीचं जे सरासरी तापमान होतं, त्याहून ते साधारण दीड अंशाने जास्त होतं. आता घरातलं उदाहरण बघा. मुलाचं अंग ३७ अंश सेल्सियस असतं तेव्हा ते अंगणात हुंदडत असतं. तेच ३८.५ झालं की आपण कपाळावर पट्ट्या ठेवतो आणि डॉक्टरकडे पळतो. चुलीवरच्या पातेल्याला दीड अंश म्हणजे काहीच नाही, पण जिवंत शरीराला तो ताप आहे. पृथ्वीवरच्या जिवांचंही तसंच.

हा ताप आला कुठून, तेही थोडक्यात सांगते. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कर्बवायू हवेत जातो. तो पृथ्वीची ऊब बाहेर जाऊ देत नाही, जशी गोधडी आपल्या अंगची ऊब आत धरून ठेवते. गेली दीडशे-दोनशे वर्षं माणूस या गोधडीला थरावर थर चढवतो आहे. थंडीत गोधडी सुखाची, पण वैशाखात तीन-तीन गोधड्या घेऊन कोण झोपेल?

पाहुणे आले आणि भात शिजलेलाच नाही

बदलत्या हवेचा सर्वांत मोठा घोटाळा उष्म्याने होत नाही, तो वेळ चुकल्याने होतो. हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे.

निसर्गात काही जीव दिवसाची लांबी बघून वागतात, म्हणजे जणू पंचांग बघून. काही जीव उष्णता आणि ओल बघून वागतात, म्हणजे हवा बघून. पूर्वी दोन्हींचा मेळ बसायचा. आता पंचांग तेच आहे आणि हवा मात्र बदलली. मग एक जण ठरल्या वेळी येतो, दुसरा आधीच येऊन गेलेला असतो.

युरोपात याचा एक चांगला अभ्यास झाला आहे. एक छोटासा माशीमार पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत राहतो आणि वसंतात हॉलंडला जाऊन पिल्लं वाढवतो. पिल्लांना लागतात अळ्या. हॉलंडमध्ये वसंत लवकर ऊबदार व्हायला लागला, तशा अळ्याही लवकर निघू लागल्या. पक्षी बिचारा आफ्रिकेत. तिथे बसून त्याला हॉलंडची हवा कशी कळणार? तो आपल्या नेहमीच्या वेळी निघाला. पोचला तेव्हा अळ्यांचा हंगाम सरत आलेला. ज्या रानांत अळ्या सर्वांत लवकर यायला लागल्या, तिथे वीस वर्षांत हे पक्षी सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी झाले, असं शास्त्रज्ञांनी २००६ साली लिहिलं. पाहुणे ठरल्या वेळी आले, पण पंगत उठून गेली होती!

आपल्याकडेही असा एक पाहुणा आहे, चातक. मोसमी वाऱ्यांबरोबर तो आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून येतो. पावसाने रान हिरवं झालं, किडे-सुरवंट निघाले, की त्याची सोय होते. आणि गंमत म्हणजे तो आपली अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. म्हणजे वारा, पाऊस, सुरवंट आणि सातभाईंचं बाळंतपण या चारही गोष्टी जुळल्या, तर चातकाचं पिल्लू वाढायचं. पाऊस महिनाभर मागेपुढे झाला की ही चौकडी मोडायची भीती.

शेवळांचं तसंच आहे. आपण ज्याला शेवळं म्हणतो तो त्या झाडाचा फुलोरा. कंद वर्षभर जमिनीखाली झोपलेला असतो. वळवाची ओल लागली की आधी फुलोरा वर येतो, पान मागाहून. फुलाच्या वासाला भुंगेरे येतात आणि त्यातून बी धरतं. फुलोरा आला आणि चार दिवसांत मुसळधार लागली, तर भुंगेरे फिरणार कधी? त्यातून जो फुलोरा आपण खुडून भाजीला आणला, त्याला त्या वर्षी बी धरत नाही, हे वेगळंच.

जांभळाचं गणित तर तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात मोहर, मेअखेर-जूनमध्ये फळ. मोहरावर अवकाळी पाऊस पडला तर मोहर झडतो. फळ पिकताना पाऊस आला तर नाजूक सालीचं जांभूळ फुटतं, खाली सडा पडतो आणि उरलेल्यात अळी होते. पाऊस दहा-बारा जूनला येईल या हिशेबाने वाढलेल्या झाडाला २६ मेचा पाऊस कसा झेपावा? झाडाला काही सामान आवरून दुसऱ्या गावी जाता येत नाही.

वलगण

आपल्या ठाणे-रायगडातला हा शब्द शहरात वाढलेल्या मुलींना सांगावा लागेल. पहिला दणकून पाऊस झाला, ओढे-नाले वाहू लागले, की नदीतले मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात. उल्हास नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात. तिथल्या उथळ, उबदार पाण्यात ते अंडी घालतात. हीच वलगण. गाभोळीने भरलेले मासे हाती लागतात म्हणून माणसं रात्री बत्त्या घेऊन निघतात.

आता विचार करा. माशाला काय कळणार, हा पाऊस खरा की खोटा? २०२५ साली पाऊस मेअखेरीस धो धो आला आणि मग जूनचा पहिला पंधरवडा पुष्कळ ठिकाणी त्याने दडी मारली. शेतकऱ्यांना पेरणीची घाई करू नका असं सांगायला कृषी खातं होतं. माशांना कोण सांगणार? लवकरच्या पावसाला भुलून मादी वर चढली, खाचरात अंडी घातली आणि वरून पंधरा दिवस ऊन पडलं, तर ते डबकंच आटतं. एका वर्षाची पिढी त्या चिखलात जाते.

दुसरी तऱ्हा उलट. पाऊस येतो तो एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपल्याला याचा अर्थ पुस्तकातून शिकायला नको. २६ जुलै २००५ चा पूर उल्हासकाठच्या कितीतरी घरांच्या भिंतींवर खुणा ठेवून गेला. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. त्या लोंढ्यात जिथे रेल्वेगाडी हलत नाही, तिथे इवल्याशा पिल्लांचं काय होत असेल!

माशाची वाट चुकली की काय होतं, हे उल्हासनगरच्या सिंधी शेजारणीला विचारा. पल्लो माशाचं नाव काढलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून येतात. झूलेलालांच्या तसबिरीत ते ज्या माशावर बसलेले दिसतात, तोच हा. आपण त्याला पाला किंवा भिंग म्हणतो. हा समुद्रातून सिंधू नदीत वर चढून अंडी घालायचा. १९५५ साली कोटरीचा बंधारा झाला, वाट अडली आणि सिंधचा पल्लो ओसरत गेला. तिथे भिंत आडवी आली, इथे वेळ आडवी येते आहे. ज्या जिवाला दोन ठिकाणी राहावं लागतं, त्याचा एक दुवा तुटला तरी सगळा संसार मोडतो.

समुद्राची बादली

आता समुद्राकडे वळू. आपल्याकडे समुद्र नाही खरा, पण आपली उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून निघून आपल्या दारावरून खाडीलाच जाते. आणि समुद्राची मासळी आपल्या बाजारात रोज येते.

बंबातलं कढत पाणी बादलीत ओतलं आणि विसण घालून ढवळलं नाही, तर काय होतं? वरचं पाणी चटके देतं आणि तळाचं गारच राहतं. समुद्राचं तसंच होतं. वरचा थर तापला की हलका होऊन वरच तरंगतो. समुद्राचं सगळं खत, म्हणजे मेलेल्या जिवांपासून तयार झालेलं पोषण, तळाशी असतं. ढवळणं कमी झालं की ते वर येत नाही. वर ते नाही आलं तर उन्हात वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पती उपाशी. त्या कमी तर त्यांच्यावर जगणारे बारीक जीव कमी. ते कमी तर मासे कमी.

दुसरं म्हणजे, गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. सोड्याची बाटली गरम झाली की त्यातला वायू कसा भुर्रकन उडून जातो, तसंच.

हिंदी महासागराचा पश्चिम भाग, म्हणजे आपल्या अरबी समुद्राकडचा, १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. त्याच भागातल्या सूक्ष्म वनस्पती गेल्या सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटल्या. हेही याच पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या गटाचं संशोधन. तापलेल्या समुद्रावर वादळंही जोमाने उठतात. जून २०२० चं 'निसर्ग' आणि मे २०२१ चं 'तौक्ते' आपण विसरलेलो नाही. वादळाचा इशारा आला की होड्या किनाऱ्याला ओढायच्या आणि चूल बंद ठेवायची, हे कोळीवाड्याच्या नशिबी वरचेवर येऊ लागलं आहे.

मासे घर बदलतात

तारली आणि बांगडा यांचं बघा. तारली पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला असायची. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार १९८५ नंतर ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्याकडेही सरकत गेली. बांगडा वरच्या पाण्यात राहणारा मासा. तोही आता गारव्यासाठी खोल जाऊ लागला आहे, हे तळाशी ओढायच्या जाळ्यांत तो जास्त सापडू लागला यावरून ध्यानात आलं. राणी माशाने तर मद्रासच्या समुद्रात अंडी घालायचा मोसमच थंडीच्या महिन्यांकडे नेला. आपण उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जातो, तसंच त्यांचं.

पण सगळं इतकं सोपं नाही. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती अवघी ३,२९७ टनांवर आली. पुढच्या वर्षांत ती पुन्हा वाढली, पण मधल्या काळात कितीतरी घरांत सण झाले नाहीत. रोजच्या गरिबाच्या ताटातला मासा असा लपंडाव खेळू लागला की त्यावर संसार कसा चालवायचा?

बोंबलाचं दुखणं वेगळं. तो वाळतो वलांडीवर, उन्हात आणि वाऱ्यावर. १ डिसेंबर २०२१ ला मुंबई-पालघरच्या बाजूला भर थंडीत पावसाळ्यासारखा पाऊस झाला. अशा पावसात वलांडीवरची मासळी काळी पडते, तिला वास येतो, आणि माल खतात टाकावा लागतो. दर वाढले म्हणून आपण कोळणीशी हुज्जत घालतो, पण तिने काय गमावलं ते आपल्याला दिसत नाही.

आणि कासवांची कथा ऐकून तर तुम्ही हसाल आणि लगेच गप्प व्हाल. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. पिल्लू मुलगा होणार की मुलगी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात. वाळू त्याहून तापली की मुलीच मुली. मुली झाल्याचं दुःख मुळीच नाही, पण सगळ्याच मुली झाल्या तर पुढची पिढी कुठून यायची?

सगळा दोष हवेचा नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सगळं पाप बदलत्या हवेच्या माथी मारून मोकळं होणं बरं नाही. अंबरनाथच्या नऊशे वर्षांहून जुन्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी आज नाला झाली, ती उष्म्याने नव्हे. तिच्यात सांडपाणी आणि रसायनं आपण माणसांनीच सोडली. उल्हास नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो मैल्याच्या खतावर पोसतो. ऊब मिळाली की आणखी फोफावतो, एवढंच. समुद्रातही लहान मासे उपसून काढणारी बारीक आसाची जाळी माणसाचीच.

पण आजारी माणसाला ताप आला तर तो अधिक खचतो, की नाही? स्वच्छ नदीतला मासा एखादं वाईट वर्ष काढील. घाण, प्राणवायू कमी असलेल्या नदीतला मासा त्याच वर्षी मरेल. म्हणूनच नदी साफ ठेवणं हा बदलत्या हवेवरचाही उपाय आहे. पृथ्वीचा ताप उतरवणं एका गावाच्या हाती नाही. आजाऱ्याची कुपथ्यं थांबवणं मात्र आहे.

आपण काय करायचं?

मोठ्या गोष्टी मोठ्यांनी कराव्यात, त्यासाठी मत देताना आणि वॉर्डाच्या सभेत तोंड उघडताना आपण लाजू नये. नदीत सांडपाणी का जातं, हे नगरसेवकाला विचारणं हे आपलंच काम आहे. पण रोजच्या बाजारहाटातही पुष्कळ करता येतं.

१. मासे घेताना माप लक्षात ठेवा. पापलेट हा २०२३ पासून आपल्या राज्याचा मासा आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट साडेतेरा सेंटिमीटर, बोंबील अठरा, सुरमई सदतीस. पर्समध्ये शिवणाची टेप टाकून ठेवा. आपल्या हाताची वीत किती सेंटिमीटर भरते, ते एकदा मोजलंत तर टेपचीही गरज नाही. हातभर पापलेट परवडत नाही म्हणून इवली पिल्लं घेऊ नका. त्यापेक्षा बांगडा किंवा मांदेली घ्या.

२. वलगणीच्या पहिल्या आठवड्यात गाभोळीचे मासे टाळा. एका मादीच्या पोटात किती पिल्लांचं बी असतं, ते आपणच पोरीबाळींना सांगायला हवं.

३. शेवळं जरूर खा, पण हंगामात एक-दोनदाच. रानातून सगळी खुडू नयेत हे त्या आदिवासी बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपण भाव पाडला की त्यांना जास्त खुडावी लागतात. तेव्हा जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस सोडा.

४. सुके बोंबील हाताला कोरडे, खडखडीत लागले तरच घ्या. घरी आणल्यावर एक-दोन कडक उन्हं द्या, गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यापूर्वी महिनाभर आधीच ही बेगमी करा, कारण वळीव आता तारीख बघून येत नाही.

५. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर फरशी न घालता एक जांभूळ लावा. सावली मिळेल, पाणी मुरेल आणि पाखरांची सोय होईल.

६. आणि सगळ्यात सोपं, कॅलेंडरवर लिहा. पहिली शेवळं कधी आली, जांभळाला मोहर कधी, पहिला पावशा कधी ओरडला, पहिली चिंबोरी कधी दिसली. जपानमध्ये क्योटो शहरात चेरीची फुलं कधी फुलली याच्या नोंदी सुमारे बाराशे वर्षांच्या सापडतात. राजदरबारातल्या लोकांनी सहज म्हणून रोजनिशीत लिहिलेल्या. त्यांवरून आज कळतं, की २०२१ साली २६ मार्चला आलेला बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा होता. त्यांनी लिहिलं म्हणून जगाला कळलं. आपल्या देशातही झाडांच्या फुला-फळांच्या अशा नोंदी गोळा करणारा 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम आहे. शाळेतल्या मुलांना त्यात घालता येईल.

दुधाच्या खाड्याशेजारी एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो? "शेवळं, २ जून." दहा वर्षांची दहा कॅलेंडरं जुनी म्हणून रद्दीत देऊ नका. तुमच्या सुनेला किंवा लेकीला एक दिवस त्यात असा हिशेब सापडेल, जो कोणत्याही सरकारी कचेरीत मिळणार नाही. आपल्या गावात कोणता जीव कधी यायचा, किती यायचा आणि कधीपासून येईनासा झाला. तो येईनासा होण्याआधीच हिशेब हाती आला, तर काही वाचवता येईल. तेव्हा पेन्सिल कॅलेंडरच्या खिळ्यालाच बांधून ठेवा, म्हणजे शोधत बसायला नको.